पहिली ओंजळ

अहो ताई, बाटली तिथनं नका भरू. पायरीपाशी पाणी तुंबतं, पानवेली अडकतात — ती काय गंगा हाय? मधल्या धारेतलं घ्या ना! लोक उतरतात तिथलंच घ्यायचं असतं? कोण म्हणतं? तपासणीत पाणी वाईट निघायला पायजे असलं की माणूस वाईट जागाच बघतो. कोणी पाठवलं तुम्हाला? हायवेला तो नवा स्विमिंग टँक झालाय, त्याच्या मालकानं? नाही म्हणता — पण हातमोजे काय, बर्फाचा डबा काय — पाणी म्हणजे मासळी हाय का, नासायला?

देवराममामा म्हणतात मला. अर्धं सायखेडं माझ्या हाताखाली पोहायला शिकलं. पाठीला भोपळा बांधायचा, पण त्याआधी पहिली ओंजळ — गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी ओंजळीत घेऊन प्यायचं, मगच उतरायचं. पोटात गेलेली गंगा माणसाला बुडवत नाय, आमचे वडील सांगायचे. कोणाला काय झालं का? नाय झालं. एखाद्याचं पोट बिघडतं, ते उन्हाळ्यात आंबे खाऊनसुद्धा बिघडतं.

जंतू? दिसत नाहीत, वास येत नाही, मग हायेत कशावरून? — बरं, मला एक सांगा, सहज विचारतो. ते पोटात गेले तर ताप लगेच येतो, का उशिरानं? आठवडा गेल्यावरसुद्धा? नाय, सहज. आणि लहान लेकराला जास्त धरतो का? सलाईन लावलं की उतरतो ना?

पिशवीकडं काय बघता? थर्मास हाय. उकळलेलं पाणी. मी नाय पीत — आरोहीला न्यायचंय, नात माझी, निफाडला दवाखान्यात हाय. डॉक्टर विचारत होता, बाहेरचं काय खाल्लं-प्यायलं हिनं? सून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, पाणीपुरी. झुंबरच्या गाडीवरची. आता तिकडं कोणी फिरकत नाय. बसलेला असतो बिचारा माशा हाकत, आणि मला बघून रामराम घालतो — अजून घालतो!

आरोही तर नकोच म्हणत होती. आजोबा, कडू लागतंय. मीच म्हणालो, गीळ, भित्री कुठली.

झालं ना भरून? लावा झाकण. — ती पायरीवरची? तेजल. आज पहिलाच दिवस तिचा, भोपळा मघाशी मीच बांधला. वर आई उभी हाय, फोटो काढतेय हौसेनं. नाय, मी सांगितल्याशिवाय नाय प्यायची ती, शिस्त हाय आपल्याकडं —

तेजल! ए तेजल! टाक ते! टाक म्हणतो ना खाली! हात झटक — तोंडाला लावू नको! सोड तो भोपळा, वर जा आईकडं. नाय, आज नाय. उद्या पण नाय.

का म्हणून विचारतेय तिची आई. येतेय बघा खाली.

तुम्ही निघा ताई. बर्फ वितळतोय तुमचा.