एकट्याचा फोटो

जबाब देणार : बनाबाई सावळाराम भोईटे, वय अंदाजे ७१, धंदा शेती, शिक्षण दुसरी, रा. सणसर, ता. इंदापूर. दि. मंगळवार.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, आमच्या घरी आधी आला तो सूरज, बारामतीचा. मागून दोघं, त्यांची नावं माहीत नाहीत. त्यातल्या एकानं चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, एवढं ध्यानात आहे. काल सोमवारी सकाळी दहाचा सुमार. मी लसूण सोलत होते.

पण माझी तक्रार बोर्डाची आहे. स्टँडवर माझ्या नातवाचा, ऋतिकचा, वाढदिवसाचा बोर्ड होता. आज सकाळी बघते तर कोणी ब्लेडनं त्याचं तेवढं तोंड कापून नेलं. बाकीच्या पोरांची तोंडं शाबूत आहेत.

विचारल्यावरून सांगते की, तीन वर्षांमागं बारामतीला एकच ग्रुप होता, सूरजचा. त्या बोर्डावर पन्नास-साठ पोरं, आमचा ऋतिक शेवटच्या ओळीत, सुपारीएवढा. मी चष्मा लावून हुडकला. मग इंदापूरची पोरं भांडून वेगळी झाली. त्या बोर्डावर तो वाटीएवढा. यंदा सणसरचा ग्रुप निराळा निघाला, तर मधोमध ऋतिकच, परातीएवढा! शेजारच्या तात्याबांना मी हाताला धरून दाखवायला नेलं. ते म्हणाले, "बने, फुटत फुटत चाललंय गं ह्ये." मी म्हणाले, "फुटू द्या की तात्याबा, फोटो तर मोठा हुतोय!"

या काळात त्याला दोनदा टाके पडले. गाडीवरून पडलो म्हणायचा. दोन्ही वेळा गाडीला ओरखडा नव्हता.

काल सूरज पाया पडला. "आज्जी, ऋत्या हाय का?" म्हणाला. मी म्हणाले, "न्हाय रं बाबा. अंथुर्ण्याला आत्याकडं गेलाय, बेस्तरवारी यील." चहा केला. तिघांनी बशीत ओतून घेतला. भांडण मिटलं म्हणून मला बरं वाटलं. मग म्हणाला, "आज्जी, ऋत्याचा चांगला एक फोटो द्या. आता बोर्डावर त्यो एकटाच. शेजारी कुणीच न्हाय. साऱ्या तालुक्यात लावतो." मी हरखले. ट्रंकेतला पांढऱ्या शर्टातला काढून, पदरानं पुसून दिला.

हे सांगितल्यावर हवालदारसाहेब लिहायचे थांबले आणि माझ्या मुलीचा, म्हणजे ऋतिकच्या आत्याचा, छकुलीचा, नंबर मागू लागले. तो मला पाठ नाही. ट्रंकेच्या झाकणावर आतून खडूनं लिहिलेला आहे. साहेबांनी अंथुर्ण्याला गाडी पाठवली. कशाला, ते मी विचारलं नाही. आमच्याकडं एकट्याचा बोर्ड लागतो तो पुढाऱ्याचा, नाहीतर गेलेल्याचा. माझा नातू पुढारी नाही.



लिहिलेलं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून अंगठा देते. एक सांगायचं राहिलं होतं, ते खाली घ्यायला लावलं : फोटो परत द्यायला बुधवारी येतो, असं सूरज जाताना म्हणाला. उद्या बुधवार.