मघाचा भाव

...नाही, पण मला सांगा, गिऱ्हाईक दुकानातून उठून निघालं की दुकानदारानं हाक मारायची असते की नाही? असते ना? अहो, मी पडदे घेतले, पंखे घेतले, कपाट घेतलं, सगळं असंच! पायरी उतरायची, चार पावलं टाकायची, की मागून आलंच, "अहो साहेब, या, या, रागावता काय!" पण हा लोखंडवाला? ढिम्म!

तुम्हाला सांगतो, गच्चीवर एक खोली काढतोय. कुणासाठी? सासऱ्यांसाठी! पंधरा दिवसांसाठी म्हणून आले, त्याला दोन वर्षं झाली. हॉलमध्ये पलंग टाकलाय, दिवसभर घोरतात, आणि मी माझ्याच घरात टीव्ही आवाज बंद करून बघतो! आता भिंती झाल्या, स्लॅबच्या फळ्या ठोकून झाल्या, अडलं कुठे? सळयांवर!

त्यानं भाव सांगितला. मी उभा होतो, बसलोच! म्हटलं, "काही कमी?" तर म्हणतो, "घ्या पटकन, भाव थांबत नाही." म्हटलं, नेहमीची नाटकं! उठलो, पायरी उतरलो, चपला घालायला मुद्दाम वेळ लावला, समोरच्या दवाखान्याची पाटी दोनदा वाचली... हाक नाही! शेवटी झक मारत परत. "बरं, द्या त्याच भावात."

"साहेब, तो मघाचा भाव होता!"

मघाचा? अहो, मघाशी म्हणजे आत्ताच की! तो मोबाइल दाखवतो, "हे बघा, वर गेला." मी भडकलो, पुन्हा पायरी उतरलो. काय करणार, सवय! परत येतो तर, "तोही मघाचाच!"

तेवढ्यात बायकोचा फोन. "काय हो, येतोय का भाव खाली?" म्हटलं, "भाव वर चाललाय, खाली मीच येतोय!"

मग हात जोडले. म्हटलं, बाबा रे, आत्ताचा भाव, आत्ता दे!

"भाव आहे, माल संपला. कारखान्यातनं गाडीच नाही. होता तेवढा आत्ता एका बिल्डरनं उचलला... तुम्ही पाटी वाचत होता ना, तेव्हा."

म्हणजे जो माल नाहीच, त्याचाही भाव वाढतोय! हद्द झाली!

घरी येऊन सांगितलं, तर सासरे पिशवी घेऊन उठले. "जावईबापू, नको तुम्हाला माझा त्रास. जातो मी." पायरी उतरले... सावकाश चपला घातल्या... शेजाऱ्याच्या दारावरची पाटी वाचत उभे राहिले!

मी ढिम्म बसणार होतो हो, खरंच बसणार होतो.

पण बायको बघत होती. मारली हाक!