साकरटोली डेपोच्या ग्रीटिंग कार्डावरील सावलीबाबत

दिनांक ३ जानेवारी २०२६, सकाळी ११.२०

मी, यादोराव बकाराम गजभिये, वय ७२ वर्षे, धंदा – रेल्वेतून निवृत्त पॉइंटमन, राहणार साकरटोली, जिल्हा भंडारा. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी पंचफुला हिच्यासह राहतो. गावाला लागून छोट्या लाइनीचा, म्हणजे नॅरोगेजचा, इंग्रजांच्या काळातील माल डेपो आहे. तेथे मी एकवीस वर्षे रुळांचे सांधे बदलण्याची व गाड्यांना झेंडा दाखवण्याची नोकरी केली. सन १९९८ मध्ये लाइन बंद होऊन रूळ उपटून नेले. इमारत उभी आहे. पुढे मी वरठीला होतो, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

दिनांक १४ डिसेंबर रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास लाखनी येथील फोटोग्राफर हेमराज सोनकुसरे हे नवीन वर्षाच्या ग्रीटिंग कार्डांसाठी डेपोचे फोटो काढण्यास आले. मी नेहमीप्रमाणे तेथे झाडझूड करत होतो. ते म्हणाले, "काका, झेंडा घेऊन उभे राहा ना, डेपोले शोभा येईन." मी घरी जाऊन ड्यूटीचा कोट घातला व दोन्ही झेंडे आणले. फलाटावर उभा राहून लाल झेंडा धरला. त्यांनी हिरवा धरण्यास सांगितले. म्हणाले, "लाल झेंडा दाखवून कोनी शुभेच्छा देते का?" मी सांगितले, "समोर रूळच नाही. हिरवा कसा दाखवू?" त्यांनी बराच वेळ समजावले. मी ऐकले नाही. त्यांनी तसाच फोटो काढला.

दिनांक ३१ डिसेंबर रोजी मुलगी हर्षा हिचा जवाहरनगरहून फोन आला. "बाबा बरे आहेत ना?" असे आईला विचारून ती रडू लागली. तिला मिळालेल्या कार्डावर डेपो होता, शुभेच्छा होत्या, फलाटावर माझी लांब सावली होती आणि मी नव्हतो. सावलीचा डावा पाय वाकडा आहे, त्यावरून तिने ओळखले. तो पाय १९८८ साली ड्यूटीवर वॅगनखाली आला होता. शेजारीण बेबीबाई हिने तेच कार्ड आणून पत्नीस सांगितले, "मानूस पुसला आन् सावली ठेवली, पंचफुला, हे काही बरं लक्षण नोहे." तेव्हापासून पत्नी मला डेपोकडे जाऊ देत नाही. तीन दिवस तेथे झाडझूड झालेली नाही.

म्हणून पोलीस ठाण्यात चोरीची तक्रार देण्यास आलो. हवालदार तृप्ती मॅडम यांनी विचारले, "काका, चोरी कशाची लिहू? सावली तं आहे."

मी म्हणालो, "मानसाची."

"मानूस तं समोर बसला आहे."

त्यांनी हेमराज यांना बोलावून घेतले. हेमराज यांनी लाल झेंड्यामुळे मला काँप्युटरवर पुसल्याचे व सावली नजरचुकीने राहिल्याचे कबूल केले. ते म्हणाले, "काका, तुमाले परत उभं करतो, झेंडा फक्त हिरवा करतो." मी नकार दिला. रूळ नसताना मी हिरवा दाखवल्याचे कार्ड घरोघरी जाईल, हे मला मान्य नाही. त्यावर "मंग सावलीच काढतो, किटकिट नको," असे म्हणून त्यांनी मोबाईलवर बोट फिरवले व फोटो मला दाखवला. मी तो पाहिला. फलाट पूर्ण रिकामा होता. डेपोवर ड्यूटीला कोणीच नाही असे दिसत होते.

मी सावली परत ठेवण्यास सांगितले. हेमराज म्हणाले, "आता काहून? सावलीचीच तं तक्रार होती ना!"

माझी पहिली तक्रार मी मागे घेतो. सावली काढू नये, एवढीच आता तक्रार आहे. सावलीत झेंड्याचा रंग कळत नाही, त्यामुळे हेमराज यांचीही हरकत नाही. उरलेल्या कार्डांवर सावलीखाली माझे नाव व 'पॉइंटमन' असे पेनाने लिहिण्याचे त्यांनी कबूल केले आहे. एक कार्ड त्यांनी येथेच लिहिले. ते पत्नीस दाखवण्यासाठी मी नेत आहे. उद्यापासून झाडझूड करीन.

माझा हा जबाब तृप्ती मॅडम यांनी मला मराठीत वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, त्यात काही गाळले नाही. सही करताना कागदावर माझी सावली पडत असल्याने मॅडम यांनी बाजूला सरकण्यास सांगितले. मी सरकलो नाही.

सही/-
या. ब. गजभिये