पाचवा 'का'

साहेबराव : आणि हा रकाना कसला? वर नावच नाही.

सुजित : राहिलं असेल, पप्पा. शीट अजून पूर्ण नाहीये.

साहेबराव : नाव राहिलं, वेटेज नाही राहिलं. शंभरपैकी तीस. रँकिंगला वीस, फीला वीस, आणि या निनावीला तीस. चाकणला सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली मी. असलं शीट ऑडिटसमोर ठेवलं असतं, तर गेटवरूनच घरी पाठवलं असतं मला.

सुजित : हे ऑडिट नाहीये. मास्टर्सला चाललोय मी.

साहेबराव : म्हणून तर नीट बघायचं. हंगेरीला पूर्ण स्कॉलरशिप. तुझ्या मामाचा सनी तिथंच आहे, एका खोलीत राहाल. तरी हंगेरी खाली आणि नेदरलँड्स वर. का?

सुजित : हंगेरीला त्या रकान्यात शून्य आहे.

साहेबराव : हा एक झाला. शून्य का?

सुजित : पप्पा, कंपनीतलं घरी नका आणू.

साहेबराव : खरं कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारायचं. नव्या पोरांना मीच शिकवतो. तुझ्या सायकलची चेन सारखी पडायची, तेव्हा तुलाही शिकवलं होतं. शून्य का?

सुजित : तिथलं वातावरण बरं नाही.

साहेबराव : दोन. बरं का नाही? सनी तर मजेत आहे.

सुजित : सनीला काय होणार? तिथले कायदेच तसे आहेत.

साहेबराव : तीन. शिकायला चाललाय तू. कायदे का आडवे येतील?

सुजित : गे मुलांना येतात. जपून राहावं लागतं त्यांना. नेदरलँड्सच्या या विद्यापीठात कुणी वळूनही बघत नाही. तिथल्या तीन मुलांना मेल करून विचारलं मी. त्याचे गुण आहेत ते.

(साहेबराव लॅपटॉप अर्धा मिटतात.)

नीला : (स्वयंपाकघरातून) अहो, चहा तिकडंच आणू का?

साहेबराव : थांब जरा. मीच येतो न्यायला.

नीला : आणि सुजित, रविवारी कुठं जाऊ नको रे. पुनावळ्याची माणसं यायचीत. नुसती ओळख. मुलगी बँकेत आहे, शांत आहे म्हणे, तुझ्यासारखीच.

सुजित : बरं, मम्मी.

साहेबराव : हळू बोल.

सुजित : मी काहीच बोललो नाही. पप्पा, पाचवा राहिला.

साहेबराव : मला मोजता येतं.

सुजित : मग विचारा ना.

साहेबराव : चौथ्याला सापडलं, तर पाचवा विचारत नाहीत.

सुजित : काय सापडलं? बिघाड?

साहेबराव : मी कारण म्हणालो. बिघाड म्हणालो नाही.

सुजित : हं.

साहेबराव : रकान्याला नाव घाल. संध्याकाळी तुझा मामा येईल, तो शीट बघायला मागेल.

सुजित : काय घालू?

साहेबराव : जेवणाची सोय.

सुजित : जेवणाला तीस गुण?

साहेबराव : तुझ्या मम्मीला कमीच वाटतील.

सुजित : तुम्ही शिकवलंत, शीटमध्ये खोटं लिहायचं नाही.

साहेबराव : ते कंपनीचं शीट. हे घरात फिरणार आहे.

सुजित : आणि रविवार?

साहेबराव : शर्टाला इस्त्री कर. पोहे खा, विचारलं तेवढं बोल. आधी शिक्षण होऊ दे, दोन वर्षांनी बघू, असं मी म्हणेन.

सुजित : दोन वर्षांनी मग काय म्हणाल?

साहेबराव : कोर्स संपल्यावर तिथं राहू देतात का?

सुजित : नोकरी शोधायला एक वर्ष देतात. मिळाली तर पुढेही राहता येतं.

साहेबराव : त्याचा रकाना दिसत नाही मला.

सुजित : घातलाच नव्हता. मी परत येणार होतो, पप्पा.

साहेबराव : घाल. बाकीचे कमी कर. त्याला चाळीस दे.