सदुसष्टला दोनच

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, मुख्याध्यापिका बाई, सहकारी आणि माझ्या लाडक्या मुलींनो,

आज निवृत्त होणाऱ्या आमच्या संगणकाच्या बाई आणि मी संगणक-खोलीच्या पायरीवर बसून डबा खायचो. आत धूळ नको, म्हणून आम्हीही बाहेर आणि आमच्या चपलाही बाहेर. तिथेच त्यांनी मला, इंग्रजीच्या मास्तरणीला, विभाजक शोधायचा प्रोग्रॅम समजावला. "अगं, दिलेल्या संख्येला एकपासून तिच्यापर्यंत एकेका आकड्याने भागत जायचं. बाकी शून्य उरली, की तो आकडा पडद्यावर. झालं!"

सोळा वर्षांपूर्वी त्या खोलीचं उद्घाटन झालं, आजच्या अध्यक्षांच्याच हस्ते. त्यांनी कौतुकाने आपलं वय टाकलं, सदुसष्ट. पडद्यावर आले एक आणि सदुसष्ट.

"दोनच?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, गेल्या वर्षी आला असतात तर आठ मिळाले असते."

खरं बोलायलाही वेळकाळ बघावा लागतो, हे बाईंना कुणी शिकवलंच नव्हतं ना!

चौकशी समिती बसली. यंत्र कंजूष आहे, असं तिचं मत पडलं. सचिव हळूच म्हणाले, "बाई, मधे दोन-चार आकडे घाला की! कोण भागून बघतंय?"

"मुली बघतील," बाई म्हणाल्या.

झालं. खोलीला दुरुस्तीसाठी कुलूप लागलं आणि बाईंची नोकरी टांगणीला.

मग बाईंनी व्हरांड्यात मुलींनाच एकपासून आकडे देऊन ओळीने उभं केलं. जिच्या आकड्याने भाग जाईल, तिने एक पाऊल पुढे. एकदा संख्या दिली सतरा. पहिली आणि शेवटची पुढे आल्या. मधल्या एकीनेही कुणाचा मान राखायला पाय उचलला नाही. वर्गाच्या खिडकीतून ते बघताना मी हातातला खडू तसाच धरून उभी राहिले.

पुढच्या वर्धापनदिनी कुलूप काढून पुन्हा चाचणी झाली. अध्यक्ष अडुसष्टचे झाले होते. सहा विभाजक! "दुरुस्ती उत्तम," ते म्हणाले. समितीचा सत्कार झाला. समितीने केलं काय होतं? पडदा पुसला होता. प्रोग्रॅमला कुणी बोटही लावलं नव्हतं.

अध्यक्ष महोदय, आपण हसताय म्हणून धीर करते. माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे.

जाता जाता, बाईंनी सांगितलेलं वाटप. खोलीची चावी नव्या शिक्षिकेला. पायरीवरची चटई मला. प्रोग्रॅम मुलींना, आहे तसा. कुलूप मात्र बाई स्वतः घरी नेणार आहेत. आणि अध्यक्ष महोदय, त्र्याऐंशीला आज दोनच आहेत, पण पुढच्या वर्षी जरूर यावं. चौऱ्याऐंशीला बारा मिळतात.