खालून बघितलेला पाना

मूर्ख! अगदी एक नंबरची मूर्ख... दोन दिवस, अहो पुरते दोन दिवस, जो बोल्ट मी सैल करतेय, सैल करतेय म्हणून जीव काढत होते ना, तो मी घट्ट करत होते! हसा. हसून घ्या. मशीनसुद्धा हसलं असेल.

त्याचं काय झालं, तुम्हाला सांगते. आमचं लोखंड कापायचं मिलिंग मशीन छोटंसं, कपाटाएवढं, घरातच मांडलेलं. त्यात कटर धरायला एक होल्डर असतो. तो खालून खोचायचा आणि वरून लांब बोल्टने आवळायचा. काढताना बोल्ट दोन आटे सैल करायचा, त्याच्या डोक्यावर हातोडीने टक् केलं की होल्डर खाली सुटतो. म्हणजे वर एक माणूस पाना-हातोडी घेऊन, आणि खाली एक फडकं घेऊन झेलायला. आमचे हे गेल्यापासून अकरा वर्षं वर माझी नणंद, खाली मी. त्या विचारायच्या, "धरलंय?" मी म्हणायची, "धरलंय!" टक्. संपला विषय.

आणि चार महिन्यांपूर्वी आमचं भांडण झालं. कशावरून? खिडकीवरून! उघडी ठेवायची की बंद! आणि माझी जीभ बघा, म्हणाले, "जायचं तर जा वन्सं, मला काय कुणाची गरज नाही!" त्यांनी बॅग भरली आणि गेल्या हो... असं कुणी खरं धरतं का?

तर परवा, चार महिन्यांत पहिल्यांदाच कटर बदलायला गेले आणि होल्डर अडकला. म्हटलं, अडकू दे, मला काय कुणाची गरज नाही! स्टुलावर चढले, पाना लावला, फिरवला. ढिम्म. तेल सोडलं. ढिम्म. पान्याला पाइप अडकवून असा रेटा दिला, की मीच स्टुलासकट सरकले आणि बोल्ट जागच्या जागी! मग हार्डवेअरवाल्याकडे गेले, तर तो बारीक डोळे करून म्हणतो, "ताई, घरी कुणी माणूस नाही का?" मग मी कोण, मांजर? तणतणत घरी आले, चहा टाकला... दोन कप. सवय हो. दुसरा मशीनपुढे ठेवला, म्हटलं, घे बाई, तू तरी काहीतरी बोल. मला काय, कुणाची... जाऊ दे.

काल संध्याकाळी लावलाच फोन. नुसतं कामाचं विचारायला, हं!

"वन्सं, होल्डर निघत नाहीये."

"पाना कुठल्या बाजूला फिरवताय?"

"नेहमीच्याच! तुम्ही फिरवता त्याच."

मग म्हणाल्या, "वहिनी, मी वरून फिरवते. तुम्ही खालून बघता."

आणि ठेवला फोन! मी तशीच उभी. अकरा वर्षं मान वर करून बघत होते ना मी, खालून! मला जे डावीकडे दिसायचं, ते वरून उजवीकडे! पाना उलटा फिरवला, पाइप लावून सगळं वजन टाकलं... कट्कन सुटला. आता टक् करायचं. पण खाली कोण? उशी आणून ठेवली. वर चढले, हातोडी उचलली, आणि सवयीने मीच विचारलं, "धरलंय?" रिकाम्या खोलीत. काय बोलणार उशी?

टक्. होल्डर उशीवर, उशीवरून टुणकन फरशीवर, आणि कटरचे तुकडे!

परत फोन.

"निघाला हो वन्सं."

"खाली कोण होतं?"

"उशी."

"कटर?"

"गेला."

मग मी डोळे मिटून एका दमात म्हणून टाकलं, "वन्सं, मला गरज आहे हो तुमची, परत या, चुकलं माझं..."

त्या म्हणाल्या, "रविवारी येते. तोवर कशालाही हात लावू नका."