वऱ्हांड्यातला तास

मंडळी, गावंडे सरांच्या घरची माणसं, अन सरांच्या हाताखाली शिकलेल्या पोरापोरींनो,

सरांच्या शोकसभेत वाचाले मी कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद राहू द्या खिशात.

पंचवीस वर्षं आमी दोघं किन्हीराजाच्या एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, सर नागरिकशास्त्र. आवाज असा खणखणीत, का शेजारच्या वर्गालेही त्यांचाच तास. सर आपल्याले माहीतच आहेत. मले आज सरांचं नाही, माझं सांगायचं आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन होतं. सातवीच्या वर्गात एक पोरगी हात न जोडता उभी होती. सुजाता. ती आज तिकडं तिसऱ्या रांगेत बसून आहे. मी म्हटलं, "हात जोड." ती हळूच म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरी बुद्धवंदना घेतात. मी नुसती उभी राहीन." मले राग आला. मी तिले वऱ्हांड्यात काढलं. प्रसाद वाटला, तवा म्हटलं, तिले देऊ नका. हो, हे मीच म्हटलं.

पुढचा तास सरांचा. सरांनी तिले पाह्यलं. कोणाले काही विचारलं नाही. सगळा वर्ग बाहेर आणला, अन स्वतः तिच्याजवळ फरशीवर बसले. म्हणाले, आजचा धडा इथंच. धर्मस्वातंत्र्याचा. ज्याले पूजा करायची त्यानं करावी, ज्याले नाही त्याच्यावर सक्ती नाही, अन हे कोणाची मेहरबानी नाही, हक्क आहे. पोरं ऐकून राह्यली होती. मी दारात उभा होतो.

मधल्या सुट्टीत मी सरांवर चिडलो. म्हटलं, "तुमी तर रोज देवापुढं दिवा लावता. तुमाले काहून झोंबलं?"

सर म्हणाले, "मले दिवा लावताना कोणी अडवते का, गुरुजी? मग तिलेही कोणी ढकलू नये."

मले पटलं. संध्याकाळी मी म्हटलं, "सर, चुकलं माझं." तर म्हणाले, "मले कायले सांगता? तिले सांगा."

उद्या सांगतो म्हटलं. मग परीक्षा आली. मग पोरगी शाळा सोडून गेली. ती आता कामरगावले स्वतः मास्तरीण आहे, नागरिकशास्त्रच शिकवते. ती कुठं दिसली, का सर मले नुसतं विचारत, "सांगितलं का?" मी मान खाली घालत होतो. गेल्या महिन्यात दवाखान्यात, खाटेवरूनही त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, सांगतो सर.

सर तवापर्यंत थांबले नाहीत.

सुजाता, बाई, माझं चुकलं. सगळ्यांसमोर तुले बाहेर काढलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगून राह्यलो. माफ करायचं का नाही, ते तुझं तू ठरव. त्याचीही सक्ती नाही.

आता दोन मिनिटं उभे राहू. ज्याले हात जोडायचे त्यानं जोडावे. ज्याले नाही, त्यानं नुसतं उभं राहावं. कोणी कोणाकडं पाहू नका.

मी जोडतो. सरांले, अन बाई, तुले.